पानांवरचे दगड

तिबूरच्या गुहेतून निघालेलं भाकीत साडेतीनशे वर्षांत एकदाही खोटं ठरलं नव्हतं. ते पुरतं वाचायलाच कुणाला मिळालं नव्हतं, एवढंच.

रीतच तशी होती. अंगात देव आला की गुहेतली बाई ओकच्या एकेका पानावर एकेक शब्द लिहायची आणि पानं दाराच्या आत ओळीनं मांडायची. विचारणाऱ्यानं दार ढकललं की समोरच्या धबधब्याचा वारा आत घुसायचा. हाती लागतील ती पानं आपली, उरलेली देवाची.

मायसियानं हे काम चाळीस वर्षं केलं. देव उतरला की आपण काय लिहिलं ते तिलाही आठवत नसे, त्यामुळे झोप चांगली लागे.

पेतिलिया विणकरीण दर पौर्णिमेला यायची. तिचा एकुलता एक मुलगा ओपितर तीन वर्षांपूर्वी वेईच्या लढाईला गेला होता. पहिल्याच खेपेला तिच्या हाती दोन पानं लागली, ‘गाढव’ आणि ‘उत्तरेकडून’. अक्षरं येणाऱ्या लोहारानं ती वाचून, पोरगा उत्तरेकडून गाढवावर बसून येणार, असं ठणकावून सांगितलं. तेव्हापासून पेतिलिया उत्तरेच्या रस्त्यावर उभी राहून प्रत्येक गाढवाला जवाची भाकरी घालायची. तिबूरची गाढवं चांगली गरगरीत झाली होती.

काल एक लंगडा शिपाई गुहेत आला. त्यानं कमरपट्ट्याचा काशाचा आकडा मायसियाच्या हातावर ठेवला.

“ओपितरचा. पहिल्याच हिवाळ्यात ओढ्याकाठी पुरलं त्याला.”

“मग त्याच्या आईला सांग की!”

“गेलो होतो, बाई. तिनं मलाच त्याचा अंगरखा चढवला. खांद्यात बसेल का, बघते म्हणाली. तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून देवाचं तरी वाटेल.”

मायसियानं जन्मात पहिल्यांदा शुद्धीवर राहून भाकीत लिहिलं. ‘ओपितर’. ‘मेला’. ‘ओढ्याकाठी’. अक्षरं इतकी वाकडी आली, की देवाचीच वाटावीत. आणि हे उडून चालणार नव्हतं, म्हणून तिनं प्रत्येक पानावर एकेक दगड ठेवला.

आज पेतिलिया बोलतबोलतच आत आली. “मावशी, यंदा अंगरखा खांद्यात चार बोटं वाढवलाय बघा. सैन्यात पोरं भरतात म्हणे...”

वारा आत घुसला. दिवा विझला. पानं जागची हलली नाहीत.

“दगड?” पेतिलिया म्हणाली. “याआधी कधी ठेवले नव्हते ते?”

मायसियानं मुठीतला आकडा आणखी घट्ट धरला. “बस, पोरी. मी वाचून दाखवते.”

“नको.”

ती उंबऱ्यावर बसली. अंगरखा उलगडला, घडी केली, पुन्हा उलगडला.

“तो लंगडा इकडेही आलेला ना? माझ्याकडे शब्द बोलला नाही, मेला. नुसता रडत होता. मी म्हटलं, पाय दुखत असेल.”

मग पेतिलियानं नाक पुसलं, अंगरखा काखेत मारला आणि ती उठली.

“मावशी.”

“बोल, बाळ.”

“तेवढे दगड काढून ठेवा. मी बाहेर जाते आणि पुन्हा दार ढकलते.”