चाकरमान्यांची यादी

गावाच्या मुंबई मंडळाचा चिटणीस अनंत वही घेऊन घाटकोपरचा डोंगर चढताना दिसला आणि दशरथच्या मनात पाल चुकचुकली. दशरथ मुळातच संशयी. देवळात नारळ वाढवला तर परत मिळालेलं भकल आपल्याच नारळाचं ना, हे पारखून घेणारा.

गिरण्यांचा संप सुरू होऊन सव्वा वर्ष झालं होतं. दशरथ घरी बसून होता, बायको विमला चार घरची धुणीभांडी करत होती, आणि मालकाने मे महिन्यात खोली रिकामी करा म्हणून बजावलं होतं. जायला एकच जागा उरली होती, गाव. पण तिथे थोरला भाऊ सहदेव होता. इतकी वर्षं जमीन एकट्याने कसणारा भाऊ वाटेकऱ्याला आनंदाने घरात घेईल, यावर दशरथचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून न कळवताच मुलाबाळांसकट थेट अंगणात उभं राहायचं, असं त्याने ठरवलं होतं.

अनंत म्हणाला, एक्क्याऐंशीच्या शिरगणतीत गाव दोनशे माणसांनी आटलं, निम्म्या घरांना कुलपं आहेत, आणि संपामुळे मनिऑर्डरीही बंद पडल्या. आता मंडळ प्रत्येक चाकरमान्याला दोनच गोष्टी विचारतंय, खाणारी तोंडं किती आणि महिन्याची कमाई किती. कशासाठी, ते मात्र तो सांगेना.

दशरथने ताडलं, हा सहदेवचा हेर. धाकट्याची चूल बंद पडलीय हे कळलं की थोरला आधी तलाठ्याकडे धावून जमीन आपल्या एकट्याच्या नावावर करून घेणार.

"लिव," तो म्हणाला. "पाच माणसां. मी चारकोपाक कारखान्यात परमनंट आसय. काय एक कमी नाय."

अनंतने पेन उचललं नाही. "माझ्याकडे कसली लाज, दशरथा? खरां काय तां सांग."

एवढं खोदून विचारतोय म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. दशरथने मनात योजलेल्या आकड्यात आणखी दोनशे घालून कमाई सांगितली. विमलाने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि ती मोरीकडे वळली.

एप्रिलअखेर सहदेवचं अंतर्देशीय पत्र आलं.

'तुझी नोकरी पक्की झाल्याचं यादीवरून कळलं. जीव भांड्यात पडला. संपात कोण बसलंय हे तोंडावर विचारलं तर कोणी कबूल करणार नाही, म्हणून आम्ही गावकऱ्यांनीच ही यादी करायला सांगितली. जे अडचणीत आहेत त्यांना परत बोलवायचं, बंद घरं उघडून द्यायची, पडीक शेतं कसायला द्यायची असं ठरलंय. पडवीकडच्या दोन खोल्या मी तुझ्यासाठी सारवून ठेवल्या होत्या. तुझ्या वाटणीचं शेतही राखलं होतं. तुला आता गरज नाही, म्हणून ते सगळं संपात बसलेल्या आपल्या गावच्या दादूला दिलं. त्याची सात माणसं कालच राहायला आली. तू नाही म्हणणार नाहीस, ठाऊक आहे.'

दशरथने पत्र तीनदा वाचलं. यात कुठे डाव सापडतो का ते शोधलं, पत्त्याची बाजूसुद्धा उलटून पाहिली. काही सापडलं नाही, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

विमला ट्रंकेत कपडे भरत होती. थोरल्यांनी काय लिहिलंय, असं तिने मान वर न करता विचारलं.

"भाऊ आपली वाट बघीत होतो," दशरथ म्हणाला.