दादा वरचा, मी खालचा

माझ्या दादाला कुठे नेलंत?

हे मी पहिल्या ट्रकला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, मग येईल त्या प्रत्येक ट्रकला विचारलं. ट्रक माझ्या अंगावरूनच जायचे. चालवणारे वर बसून गाणी ऐकत होते.

मी खालचा पट्टा बोलतोय. काळी, चिकण माती. फाटकापासून ओढ्यापर्यंत पसरलेला. माझ्या डोक्याशी जो मुरमाड, तांबूस उतार होता, तो माझा दादा. आता तिथे उघडा खडक आहे.

आम्ही सख्खे, एकाच खडकाच्या पोटचे. खडक झिजून आधी दादा झाला. मग पावसाच्या पाण्याने त्याच्या अंगातलं मऊ मऊ तेवढं खाली आणलं, वर्षानुवर्षं, चिमूट चिमूट. त्याचा मी झालो. म्हणजे जाडंभरडं त्याने स्वतःकडे ठेवलं आणि बारीक सगळं मला दिलं. मला हे कुणी शिकवलं नाही. मातीला कोण शाळेत घालतं? पण अंगात असलेलं कळतंच.

स्वभाव मात्र वेगळे. दादावर कितीही पाऊस पडो, थांबला की तासाभरात तो पाय ठेवण्याजोगा. गवत आखूड यायचं, पण गाई ते चवीने खायच्या. त्याच्यावर चालून खुरं घासून नीट राहायची. उन्हाळा लागला की तो पिवळा पडायचा, आणि मग माझी पाळी. मी पाणी धरून ठेवतो. सगळीकडे वाळलं तरी माझ्या अंगावर हिरवं असतं. पावसाळ्यात मात्र माझ्या वाटेला जाऊ नये. मी फुगतो, चिकटतो, पाय धरला की सोडत नाही. हा माझा दोष म्हणा. मी तो कधी लपवला नव्हता.

म्हातारबाबांना हे पक्कं ठाऊक होतं. गाई त्यांच्या, लहानमोठ्या अकरा. रोज सकाळी ते फाटकाशी उभे राहून माझ्यावर टाच दाबायचे. टाचेच्या खळग्यात पाणी जमलं की काठी वर करायचे.

"चला गं वर! धाकटा आज रुसलाय."

त्यांना दोन मुलं. थोरली ताई, ती धारा काढायची, गाई फिरवायची. तिच्या पाठचा भाऊ कधी माझ्याकडे आलाच तर बूट वाचवत यायचा, म्हणून बाबा त्याला साहेब म्हणायचे.

"साहेब, माती चावत नाही हो."

"चिकटते ना पण!"

ताई हसायची. मलाही हसू यायचं. खरंच होतं ते.

मग म्हातारबाबा गेले. काही दिवस टाच ताई दाबायची, अगदी तशीच, मान वाकडी करून. मला वाटलं, चाललंय ते चालेल.

त्याच उन्हाळ्यात साहेबाने माती तपासणाऱ्याला आणलं. त्याच्याकडे लांब गिरमिट होतं. दादाच्या अंगात ते वीतभर गेलं आणि खट्टकन अडलं. माझ्यात मात्र मुठीपर्यंत उतरलं. त्याने माझा गोळा चुरडला, वास घेतला आणि म्हणाला, "वर काही नाही, नुसता दगड. खालची एक नंबर. अशी खोल माती शोधून मिळत नाही."

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. जन्मभर 'रुसलाय, रुसलाय' ऐकलेलं. पहिल्यांदाच कुणीतरी मला एक नंबर म्हणालं होतं. दादा तिथेच होता, ऐकत होता. त्याच्या बाजूने मी एक शब्द बोललो नाही. त्या माणसाने माझ्यावर पाय आपटून पाहिला. रणरणत्या उन्हात मी वरून विटेसारखा कडक, ओल सगळी खाली. पावसात मी कसा असतो हे त्याने विचारलं नाही, आणि साहेबाने सांगितलं नाही.

संध्याकाळी गोठ्याच्या दारात बहीणभाऊ बोलले. वारा माझ्या दिशेने वाहत होता.

"ताई, वरचा उतार देऊन टाकू. रस्त्याच्या भरावाला मुरूम हवाय त्यांना."

"आणि पावसात गाई कुठे उभ्या करू? तुझ्या खोलीत?"

"खाली एवढं कुरण पडलंय की."

"बाबांनी पावसात एक तरी गाय खाली सोडलेली आठवते तुला?"

"बाबांना तशी सवय होती. सवय म्हणजे काही शास्त्र नव्हे. माणूस तपासून गेलाय, ताई."

ताईने बादली उचलली. "त्या माणसाला पावसात बोलव. आणि तुझे बूट दे त्याला."

पण वरच्या उताराचा कागद साहेबाच्या नावावर होता. यंत्र आलं. त्याचे दात दादात घुसले तेव्हा जो आवाज झाला तो मी कशाशीही ताडून सांगू शकत नाही. गवत मुळांसकट बाजूला फेकलं. मग दादाला उचलून ट्रकमध्ये भरलं. जाताना तो थोडा थोडा माझ्यावर सांडायचा. मी ते खडे धरून ठेवले, तर मागून येणाऱ्या चाकांनी ते खोल दाबून टाकले. आठवड्यात दादा संपला. एवढा मोठा उतार, आणि निरोप घ्यायलाही कुणी थांबलं नाही.

पाऊस आला. आधी पाणी दादात मुरत, गाळून, सावकाश यायचं. आता ते उघड्या खडकावरून धावत थेट माझ्या छातीवर आदळलं. आणि त्याच सकाळी फाटक उघडून अकराच्या अकरा गाई माझ्यावर सोडल्या.

त्यांनी तरी काय करावं? चालल्या. प्रत्येक पावलाचा खड्डा झाला, प्रत्येक खड्ड्यात पाणी. गवत चिखलाखाली गेलं. महिनाभरात खुरं भिजून मऊ पडली, मग फटीत सडायला लागली. तीन गाई लंगडायला लागल्या. दूध आटलं.

साहेब फाटकावर उभा राहून ओरडला, "दगाबाज आहे ही जमीन! उन्हाळ्यात एक रूप, पावसात एक!"

"जमीन तीच आहे," ताई म्हणाली. "तू ती एकदाच बघितलीस."

दगाबाज मी? मी? माझा भाऊ मला न विचारता नेला, माझ्यावरूनच नेला, त्याचं काम माझ्या उरावर टाकलं, आणि दगाबाज मी! त्या दिवशी मी इतका भडकलो की साहेबाचा एक बूट गिळून टाकला. अजून माझ्याकडे आहे. देणार नाही.

शेवटी ताईने ठरवलं. मावशीच्या गावाकडे खडकाळ टेकडी होती, निचऱ्याची. गाई तिकडे न्यायच्या, आणि आणायच्या नाहीत.

आता माझ्यावर कुणी येत नाही. खुरांचे खड्डे तसेच वाळून दगडासारखे झालेत. मधे मधे लव्हाळा उगवलाय, तो कुठलंच जनावर आवडीने खात नाही. टाच दाबायला कुणी नाही. तुम्ही जनावरं पाळत असाल तर एवढं ऐका: माती बघायला दोनदा जा, एकदा उन्हात आणि एकदा पावसात. आणि दोघांतल्या एकाला एक नंबर म्हणालात, तर दुसरा कशासाठी उभा आहे तेही विचारा.

ताईसाठी आणि गाईंसाठी मी शेवटचं काय केलं, ते सांगतो आणि गप्प बसतो.

गाई न्यायच्या दिवशी दहाजणी गाड्यांत चढल्या. अकरावी, जिला सगळे मोठी म्हणायचे, गाभण होती, दिवस भरत आलेले. ती ओढ्याकडे उतरली आणि चारही पायांनी माझ्यात रुतली, पार पोटापर्यंत. साहेब धावत आला, दोर टाकला आणि ओढायला लागला.

"ओढू नकोस!" ताई ओरडली. "पाय मोडेल तिचा. पाणी आण."

"पाणी? ताई, पाण्यानेच तर हे झालंय!"

"आण म्हणते ना! खुराखाली पाणी गेलं की चिखलाची पकड सुटते."

साहेब ओढ्याकडे पळाला. ताई माझ्यात गुडघे टेकून बसली. तिने मोठीच्या पायालगत हात खुपसला आणि त्या फटीत साहेबाने आणलेली बादली ओतली. मग दुसरी. मग तिसरी.

"सोड रे," ती म्हणाली. साहेबाला नाही, मला. "सोड. तिच्या पोटात वासरू आहे."

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मनात आलं, धरून ठेवू. तुम्ही माझं नेलंत, मी तुमचं घेतो. धरणं मला जमतंच. पण मोठी मान वर करून, दादा होता त्या बाजूला बघत हंबरत होती. पावसात तिकडे जायचं, एवढंच तिला माहीत होतं. तिचा आणि माझा, दोघांचा दादाच हरवला होता.

ताईने ओतलेलं पाणी मी आत घेतलं. खुराखाली जाऊ दिलं. पुढचा डावा पाय सोडला, मग उजवा. मागचा एक सोडला. चौथा फार खोल होता. ताईचा हात खांद्यापर्यंत माझ्यात होता आणि ती रडत होती.

तोही सोडला.