गुडघाभर पाणी

त्या गावात सैनिकांना मानवंदना द्यायचा दिवस कॅलेंडरवर शोधून सापडायचा नाही. तो समुद्र ठरवायचा, आणि समुद्राच्या वतीनं तक्तेबाई जाहीर करायच्या. वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी ज्या दिवशी असेल, त्या पहाटे किनाऱ्यासमोरचा वाळूचा दांडा तासभर उघडा पडायचा, आणि गाव होड्यांनी तिथं जाऊन अनवाणी उभं राहायचं. मोठ्या युद्धात गाव सोडवायला समुद्रातून फौज उतरली, तेव्हा तिच्यातली एक होडी याच दांड्यावर रुतली होती. एकतीस जण होते तिच्यात, बहुतेकांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं. किनारा आला असं समजून ते उतरले, दांडा ओलांडला आणि पाठीवरच्या ओझ्यासकट पलीकडच्या खोल पाण्यात गेले. सहा वाचले.

तक्तेबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. बंदर कचेरीच्या वरच्या मजल्यावर बसून त्या वर्षभराच्या भरती-ओहोटीचा तक्ता मांडायच्या. त्यांच्या आकड्यांवर गावाचा इतका विश्वास, की कधी पाणी दोन मिनिटं उशिरा फिरलं तर कोळी म्हणत, "समुद्र चुकला असेल, बाई नाही चुकायच्या." हे कानावर आलं की बाईंना बरं वाटायचं, आणि लगेच त्या हातातला आकडा पुन्हा तपासायच्या. कारण कचेरीच्या जिन्याशी भिंतीत एक दगडी पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, की पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे पंचवीस जवानांना इथं वीरमरण आलं. अंदाज कुणाचा, ते पाटीवर नव्हतं. पण गावात ते न कळायला कुणी कालच राहायला आलं नव्हतं.

अंदाज बाईंच्या वडिलांचा होता. गाव परक्या फौजेच्या ताब्यात असताना ते याच कचेरीत तक्ते करत. जीव मुठीत धरून त्यांनी त्या महिन्याच्या तक्त्याची नक्कल केली आणि ती एका कोळ्याच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये शिवून बाहेर गेली. पहाटे पाच चाळीसला दांडा कोरडा असेल, स्पष्ट दिसेल, त्याला वळसा घालून या, असा त्या नकलेचा अर्थ. आणि होडीतल्या पोरांना दांडा दिसलाच नाही, कारण त्याच्यावर गुडघाभर पाणी होतं. वाचलेल्या सहाही जणांनी एकच सांगितलं, "आम्ही वेळेवर होतो. पाणीच जास्त होतं."

त्यानंतर वडिलांनी आपली खुर्ची फिरवली. खिडकीला पाठ करून ते बावीस वर्षं समुद्राचे आकडे मांडत बसले, पण समुद्राकडे पाहिलं नाही. ती एक बेरीज त्यांनी हजारदा तपासली. पुढे बाईंनीही तपासली. कुठंच चूक नव्हती, आणि तोच खरा जाच होता. सापडलेली चूक माणूस खोडून तरी टाकतो, न सापडलेली त्याच्या ताटावर येऊन बसते. वडील गेले तेव्हा तो कागद त्यांच्या उशाखाली होता. बाई आता त्याच खुर्चीत, तशाच पाठमोऱ्या बसायच्या, आणि आपले वडील चुकले होते की नव्हते हे कळल्याशिवाय ती खुर्ची फिरवायची त्यांची छाती होत नव्हती.

एका सोमवारी पंपकाकांची लेक कचेरीचा जिना चढून आली. पंपकाका म्हणजे त्या सहांतले शेवटचे. युद्ध संपल्यावर ते आपल्या मुलखात परत गेलेच नाहीत. इथंच सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न केलं आणि गावाच्या चार पिढ्यांच्या चाकांत हवा भरली. आता त्यांच्याच छातीत ती पुरत नव्हती. लेक टपाल कचेरीत कामाला होती, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

"बाई, यंदाचा दिवस कधी धरलाय?"

"पुढच्या शुक्रवारी. अजून अकरा दिवस आहेत."

"बाबा तेवढे काढणार नाहीत. डॉक्टरांनी आठवडासुद्धा कबूल केला नाही." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "अलीकडे नाही का घेता येणार? एकदाच?"

"समुद्र काय माझ्या घरचा आहे?" बाई म्हणाल्या, आणि बोलल्याबरोबर त्यांनी जीभ चावली.

लेक रडली नाही. टपालात काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या वाईट बातम्या हाताळायची सवय असते, स्वतःच्या असल्या तरी हात तसाच चालतो. ती म्हणाली, "झोपेत सारखे दांड्यावर असतात हो ते. उठले की विचारतात, ओहोटी लागली का? आणि म्हणतात, तक्तेबाईंना बरोबर घ्या. त्यांच्याशी बोलायचंय, पण इथं नाही. तिथंच."

बाईंनी तक्ता पुढं ओढला. बोट आकड्यांवरून खाली आणत त्या एका ओळीशी थांबल्या.

"उद्या सकाळी नऊ बावन्नला ओहोटी आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "दांडा उघडा पडणार नाही. गुडघाभर पाणी राहील. परवा मांडीभर होईल, आणि तेरवा तर विसराच. भिजायची तयारी असेल तर उद्या."

"गाव येईल का असं अचानक?"

"नाही आलं तर आपण दोघी काय कमी आहोत?"

गाव आलं. बंदरावरच्या साहेबांनी आधी नियमांचा पाढा वाचला आणि मग स्वतःच विजार दुमडून सगळ्यात पुढच्या होडीत चढून बसले. धुकं असं होतं, की वल्ह्याचं टोक पाण्यात गेल्यावर दिसेनासं व्हायचं. नऊ वाजले तरी ते हटलं नाही. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. होड्या एकेक करून अंधुक होत गेल्या, आणि बाईंना वाटलं, आपण जागेच आहोत ना, की वडिलांच्या खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागलाय?

दांड्यावर नांगर पडले. लोक काठावरून पाय टाकून उतरले, गारठ्यानं हाय-हुई केलं आणि मग शांत झाले. इतकी वर्षं ते इथं कोरड्या वाळूवर उभे राहायचे. आज पहिल्यांदाच पाणी पोटऱ्या ओढत होतं, वाळू तळव्यांखालून सरकत होती आणि पलीकडे खोल पाणी कुठं सुरू होतं ते कुणालाच दिसत नव्हतं. त्या पोरांनाही असंच दिसलं नसणार. एवढं साधं कळायला गावाला सात दशकं लागली होती. बाईंना स्वतःचाच राग आला.

पंपकाकांना होडीत घोंगड्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्यांचं वजन आता त्यांच्या जुन्या पंपापेक्षा फार नसावं. लेक जरा पुढं जाऊन यादी वाचायला लागली, पंचवीस नावं, एकेक नाव सावकाश. प्रत्येक नावानंतर धुक्यात कुठंतरी पाणी चुबकायचं, कुणीतरी पाय बदलल्यासारखं. बाईंनी मोजलं नाही, पण गावात आहेत त्यापेक्षा जास्त माणसं उभी आहेत असं त्यांना सारखं वाटत होतं. त्या पाणी मोजायची खूणकाठी वाळूत रोवून होडीला टेकून उभ्या होत्या. पाणी फिरलं की हाक त्यांनी द्यायची, आणि ती हाक आली की सगळ्यांनी परतायचं, हा तिथला नियम होता.

"किती आहे पाणी?" काकांनी विचारलं.

"गुडघाभर, काका."

"तेव्हाही एवढंच होतं." ते धाप लागून थांबले. "बाई, आम्ही वेळेवर नव्हतो."

बाईंचा काठीवरचा हात तसाच राहिला.

"मोठ्या जहाजावरून होडीत उतरायचं होतं. शिडीवर माझे हातच सुटेनात. भीती हो, दुसरं काही नाही. सुभेदार म्हणाला, सोडा याला, चला. पण पोरं ऐकेनात. खाली होडीत बसून माझी समजूत काढत राहिली. शेवटी दोघं वर चढले आणि माझं एकेक बोट उकललं. तोवर बाकीच्या होड्या गेल्या होत्या. धुक्यात वाट चुकलो. सगळं मिळून सव्वा तास गेला."

सव्वा तास. बाईंना तक्ता लागला नाही, कागद लागला नाही. पाच चाळीसला कोरडा दांडा, आणि त्यावर सव्वा तासाची भरती. आकडा आपोआप समोर येऊन उभा राहिला. गुडघाभर.

"आणि तुम्ही सहा जणांनी सांगितलं, वेळेवर होतो म्हणून?"

"मला वाचवायला बोलले ते. माझ्यापायी पंचवीस गेले हे कुणाला कळू नये म्हणून. मेले तरी कुणी तोंड उघडलं नाही. आणि मी... मी तर काय, जिवंतच होतो."

"माझे वडील बावीस वर्षं समुद्राकडे पाठ करून बसले, काका."

"पाहिलंय मी. तुमची सायकल पोचवायला कचेरीत आलो होतो, तीनदा. तिन्ही वेळा सांगायचंच ठरवून आलो होतो. त्यांची पाठ पाहिली आणि चाकात हवा ठीक आहे ना, एवढंच विचारून परत गेलो."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. या म्हाताऱ्याला इथंच सोडून चालू पडावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांना वडिलांचा पांढरा सदरा दिसला, मानेशी घामानं पिवळा पडलेला. एक वाक्य. एका वाक्यानं तो माणूस खुर्ची फिरवून बसला असता. बाई रडत होत्या आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं.

पंचविसावं नाव वाचून झालं. "मला उतरवा," काका म्हणाले. "त्यांच्यात उभं राहू दे एकदा."

लेकीनं आणि नावाड्यानं त्यांना काखेत धरून उचललं. पाय पाण्यात गेले. पण काकांचा उजवा हात होडीच्या काठाला चिकटून बसला. लेक म्हणाली, "बाबा, सोडा." नावाड्यानंही सांगून पाहिलं. काकांनी डोळे गच्च मिटले होते.

"जमत नाही," ते म्हणाले. आवाज म्हाताऱ्याचा नव्हताच. अठरा वर्षांच्या कुणाचा तरी होता.

बाईंनी काठीकडे पाहिलं. पाणी खुणेवर थबकलं होतं, आणि मग केसभर वर चढलं. बरोबर नऊ बावन्न. सगळं गाव धुक्यातून त्यांच्याकडे बघत होतं, हाकेची वाट बघत. गेल्या तीस वर्षांत ही हाक एका मिनिटानंही मागेपुढे झाली नव्हती.

बाईंनी हाक दिली नाही. त्यांनी काठी नावाड्याच्या मोकळ्या हातात दिली, पाणी तुडवत काकांच्या बाजूला गेल्या आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. बोटं बर्फासारखी होती. त्यांनी करंगळीपासून सुरुवात केली.

"घाई नाही, काका," त्या म्हणाल्या. "सगळे थांबलेत."

करंगळी सुटली. तिच्याशेजारचं बोट सुटायला वेळ लागला. मधलं उकललं तेव्हा करंगळीनं पुन्हा काठ धरला, आणि बाईंना त्या परिस्थितीतही हसू आलं. "असं लबाडीनं नाही चालायचं," त्या म्हणाल्या आणि परत पहिल्यापासून लागल्या. कुणी हललं नाही. पाणी गुडघ्याच्या वर चढलं, साहेबांची दुमडलेली विजार भिजली, पण त्यांनी नियमांचं नाव काढलं नाही. शेवटी अंगठा सुटला आणि अख्खा हात बाईंच्या हातात आला. काकांनी डोळे उघडले. ते वाळूवर उभे होते. धुक्याकडे बघत त्यांनी मान थोडी हलवली, ओळखीचं कुणी दिसल्यावर हलवतात तशी.

मग तक्तेबाई मोठ्यानं म्हणाल्या, "पाणी फिरलं!"

काका गुरुवारी गेले. मंगळवारी दुपारी मात्र ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते, आणि लेकीकडून त्यांनी एका पोराच्या चाकात हवा भरवून घेतली होती.

त्याच मंगळवारी बाई ओल्या पदरानं कचेरीत आल्या. रोजच्या वहीत त्यांनी लिहिलं, 'ओहोटी नऊ बावन्न, तक्त्याप्रमाणे. परत निघायला चौदा मिनिटं उशीर. एका माणसासाठी थांबलो.' वही मिटून त्या उठल्या. खुर्ची जड होती, आणि तिचे पाय इतकी वर्षं एकाच जागी राहून फरशीला धरून बसले होते. बाईंनी दोन्ही हातांनी ती उचलून खिडकीकडे फिरवली, आणि बसण्याआधी क्षणभर बाजूला उभ्या राहिल्या, वडिलांना आधी बसू देतात तशा.