देरोचं दूध

डॉक्टरीणबाईंनी अंबारोला तीनतीनदा बजावलं होतं, "तुमची किडनी पोराला बसवलीय. ती अंगाने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या दिल्यात, त्यांनी रोगाशी झगडायची ताकद जाते. दूध उकळूनच द्या." अंबारोने मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

केनियातल्या गारिसाच्या माळावर उंटिणीचं दूध कुणी चुलीवर चढवत नाही. उकळलं की उंटिणीची कास बिघडते, हे अंबारो लहानपणापासून ऐकत आली होती. तरी लेकासाठी, गुलेदसाठी तिने आठ दिवस झोपडीत लपूनछपून पातेलं चढवलं. नवव्या दिवशी देरो उंटिणीची कास सुजली. नणंद हबोन कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"वहिनी, वास लपत नाही हो. एका गुलेदपायी अख्खा कळप मारणार का?"

अंबारोने पातेलं पालथं घातलं. चार दिवसांत देरोची सूज उतरली आणि अंबारोची खात्रीच पटली.

गुलेद मात्र रोज सकाळी विचारायचा, "उकळलंस ना गं?"

"उकळलंय रे बाबा. निवलंय, म्हणून गार लागतंय. पी."

भांड्याला धुरी दिलेली असायची. त्या वासापुढे त्याला काय कळणार?

तीन महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे झाले. काविळीवर उंटिणीचं दूधच औषध, यावर सगळ्या वस्तीचं एकमत होतं. एका जाणत्याने तापलेल्या काडीने त्याच्या मनगटांवर डाग दिले. अंबारो त्याला दोनदाऐवजी चारदा दूध पाजू लागली. आपलं लेकरू वाचावं म्हणून ती बाई जिवाचं रान करत होती, आणि महिना तसाच गेला.

मग पोट फुगलं, तेव्हा कुठे इस्पितळ गाठलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही कावीळ उंटांकडून आलीय. कच्चं दूध पोटात गेलं का?"

"छे!" गुलेद उशीवरून म्हणाला. "आई उकळूनच देते. लोकांची बोलणी खाऊन उकळते. माझ्या आईसारखी आई दाखवा मला!"

अंबारोला वाटलं, जमीन दुभंगावी.

"नाही उकळलं," ती खाली बघत म्हणाली. "आठ दिवस उकळलं. मग नाही."

गुलेद तिच्याकडे बघत राहिला. "रोज विचारायचो ना गं मी," एवढंच म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

औषधं सुरू झाली. "महिनाभर आधी आला असतात तर," म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या. अकराव्या दिवशी गुलेद गेला. मधल्या दिवसांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिने काढून दिलेली किडनीही त्याच्याबरोबर मातीत गेली.

घरी देरो कास भरून ओरडत होती. अंबारोने तिला पिळलं, अंगणात सगळ्यांदेखत तीन दगड मांडले आणि दूध चढवलं. कुणी हूं का चूं केलं नाही. हबोनच हळूच जवळ आली.

"वहिनी, आता कुणासाठी हो?"

दूध उतू गेलं आणि विस्तव विझला. अंबारोने वाकून तो पुन्हा पेटवला.