अ‍ॅटच्या पुढचं

जव्हारच्या त्या कुपोषित पोरांसाठीच्या संस्थेत कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्यापुढे बसायची पुष्पलता. नेट लावलं की फोन अडकायचा. म्हणून गावोगावी संस्थेचं काम करणाऱ्या बायांना सांगून ठेवलेलं, फोन करू नका, मेल टाका. काय पण शहाणपण. जिथं एसटी दिवसातनं एकदा येते, तिथल्या बायांनी मेल टाकायचा.

वावर गावची फागी टाकायचीसुद्धा. पोरांची वजनं करायची, जीपला लटकून मोखाड्याला जायची, एखादं पोर खंगलं असलं की सायबरवाल्यानं दिलेल्या पत्त्यावरून गाडी मागायची. पण त्या सायबरातून कुणीतरी लॉटरीची पत्रं जगभर फेकलेली. सायबरवाल्याचं अख्खं डोमेनच, म्हणजे त्याच्याकडून निघणारा प्रत्येक पत्ता, काळ्या यादीत गेलेलं. फागीचा मेल आला की मशीन तो कचऱ्यात ढकलायचं.

पुष्पलतानं ठाण्याच्या कमलेशला फोनवर विचारलं. संस्थेचे कॉम्प्युटर तोच बघायचा.

"सूट द्यायची यादी आहे बघ. ज्यांचे मेल अडवायचे नाहीत त्यांची. तिच्यात अ‍ॅटच्या पुढचं टाक."

"नुसतं पुढचं?"

"पुढचं गं बाई. किती वेळा सांगू."

पुष्पलताचा जन्म पाकिटं लिहिण्यात गेलेला. नावापुढे श्री., नावापुढे सौ. पुढे म्हणजे आधी. फागीच्या पत्त्यात अ‍ॅटच्या आधी होतं फागीवावर. तिनं तेच टाकलं. मशीननं कुरकुर केली नाही.

आठ दिवस मेल नाही. तिला वाटलं, पोरं बरी असतील.

नवव्या दिवशी फागी स्वतःच आली. गुडघ्यापर्यंत चिखल. बस म्हटलं तरी बसली नाही.

"गाडी का नाय धाडली, ताई? तीन मेल टाकले. बारक्याची सोमी पाच किलोची उरली व्हती."

"होती?"

"काल गेली."

"मेल आलाच नाही गं."

"मंग मी काय भुतांना लिवत व्हते?"

पुष्पलतानं कचरा उघडला. लॉटरी, गोळ्या, फागी. लॉटरी, फागी, फागी. तिन्हींत एकच ओळ, गाडी धाडा.

नेट तोडून तिनं कमलेशला फोन लावला.

"पुढचं म्हणजे नंतरचं," तो म्हणाला. "सायबरवाल्याचं डोमेन. नाव कशाला टाकलंस?"

"मग नंतरचं म्हणायचं ना."

तिनं फोन ठेवला. तिनं डोमेन टाकलं. फागी मागं उभी राहून बघत होती.

"आता पोचंल?"

"पोचेल."

"वांगणीला आजून चार पोरं हायेत तशी."

पुष्पलतानं ड्रायव्हरला हाक मारली. मग वजनाची वही ओढली. कु. सोमी बारक्या. तिनं कु. खोडलं आणि तिथंच, नावापुढे, कै. लिहिलं.