ओरोसियाच्या बारा ओळी

ऑगस्टात स्पेनमधल्या एब्रो नदीच्या कालव्यावरचा मका माणसाच्या डोक्यावर जातो. सकाळची जपमाळ झाली की ओरोसिया शेताच्या पूर्वेकडच्या बारा ओळी पाहून यायची. बाकी शेतात कीड मारणारं बियाणं. पान खाल्लं की अळी मेलीच. या बारा ओळी मात्र साध्या मक्याच्या, किडीसाठी मुद्दाम सोडायच्या. नवरा लाम्बेर्तो म्हणायचा, "पाचवा वाटा त्यांचा. सगळीकडे विष पेरलं तर त्याला पुरून उरलेली अळीच तेवढी राहील, अन् तिची पिलावळ गाव खाईल. इथल्या अळ्यांची साधी पाखरं तिच्या पाखरांशी जुळली, तर पोरं पुन्हा विषाला बळी पडतात."

लाम्बेर्तो गेल्या वर्षी गेला. यंदा पेरणी धाकट्या दिरानं, गेर्वासिओनं केली. साध्या मक्याचा हा राखीव पट्टा पेरल्याबद्दल सहकारी संस्थेच्या कागदावर सही मात्र ओरोसियाची.

आणि बारा ओळींत एकाही खोडाला भोक नव्हतं. दरवर्षी या दिवसांत पानांच्या बेचक्यात भुसा साठायचा, तुरे मोडून लोंबायचे. तिनं तीन खोडं चिरून पाहिली. गर पांढराशुभ्र. म्हणजे इथंही विषाचंच बियाणं. गावासमोर केलेली सही खोटी ठरली होती.

गेर्वासिओ कालव्याचं दार उघडत होता.

"माझ्या बारा ओळींत काय पेरलंस रे?"

"मका."

"कुठला?"

त्यानं टोपी मागे सारली. "चांगला. अहो वहिनी, दादा होता तोवर ठीक होतं. आता एकट्या तुम्ही, वर किड्यांना पंगत घालायची?"

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. म्हणूनच नाही विचारलं."

"फार शहाणा! आणखी कोणाकोणावर ही दया केलीस?"

"शेजारच्या बेनितावर. अन् त्या लासिएर्रा बहिणींवर."

"म्हणजे या अंगाला पाखरांना एक पान नाही! उद्या हे बियाणं कुचकामी ठरलं, की कुणाच्या नावानं रडशील?"

"एक पान नाही कसं," तो पुटपुटला. "तुमच्या साध्या बियाण्याच्या पिशव्या उरल्या. बियाणं काय फेकून द्यायचं असतं?"

"मग?"

तो बांधावरून चालू लागला, ती मागोमाग. त्याचं शेत या सगळ्यांच्या मधोमध. आत शिरताच ओरोसिया थबकली. अर्धा मका कंबरेत मोडून पडला होता, खोडाखोडांना भोकं, कणसांवर बुरशी. पायाखालून फिकट पिवळी पाखरं उडाली, एक तिच्या बाहीवर बसलं. तिनं ते झटकलं नाही.

"वेड्या, आमच्या सगळ्यांची पंगत एकट्यानं घातलीस?"

"माझं पोट मोठं आहे, वहिनी."

"उद्या संस्थेत जाऊन मी सगळं सांगणार."

"माझं नाव न घेता?"

"तुझं घेऊन. अन् तू बरोबर येणार. दाढी करून ये."

संस्थेतल्या तपासनिसानं नकाशावर अंतरं मोजली, त्याच्यासकट चारही कागदांवर दुरुस्ती केली. गेर्वासिओचं शेत सगळ्यांना पुरेसं जवळ होतं, यंदापुरतं निभावलं. पण पुढल्या हंगामात गेर्वासिओनं दुसऱ्याच्या शेतात पेरणी करायची नाही, हेही लिहिलं. त्याचं तीन घरांचं काम गेलं होतं.

ऑक्टोबरात कापणीयंत्र त्याच्या शेतातून गेलं आणि पडलेला मका तसाच मागे राहिला. दुसऱ्या दिवशी बेनिता आणि दोघी बहिणी हातमोजे घालून, पोती घेऊन हजर. ओरोसिया त्यांच्या आधीच वाकून कणसं वेचत होती.

"अहो, कंबर धरेल!" गेर्वासिओ धावत आला. "किडकं कणीस कोण घेणार?"

"कोंबड्या," बेनिता म्हणाली. "त्या तुझ्यासारख्या नखरेल नाहीत."

"वहिनी, तुम्ही तरी बसा."

"बसणारच आहे, वसंतात. तुझ्या पेरणीयंत्रावर," ओरोसियानं पोतं पुढे ओढलं. "चालवायला शिकव मला. दुसऱ्यांची पेरणी करायला तुला बंदी, शिकवायला तर नाही ना? अन् हे धर, इकडून उचल."