माकिया अंकलच्या सहा तारा

माकिया अंकल गेल्याला आठ महिने झाले असतील. त्यांची मुलगी नोहेआ एका हातात त्यांची मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार आणि दुसऱ्या हातात आंब्यांची पिशवी घेऊन माझ्या गॅरेजच्या दारात उभी राहिली. समुद्राकाठच्या आमच्या वायमानालो गावात रिकाम्या हातानं कोणी कोणाकडे जात नाही. त्यामुळे वाद्यदुरुस्तीच्या धंद्यात माझा खिसा भरला नाही, पोट मात्र भरलं.

"क्लॅरेन्स अंकल, हिची वाचा गेलीय. रविवारी मॉमचा ऐंशीवा वाढदिवस आहे. डॅडींनी तिच्यासाठी बांधलेलं गाणं मी वाजवणार आहे. तिच्या कानावर जाऊ देऊ नका हं."

"तुला कधीपासून वाजवता येतं?"

"हातांच्या हालचाली येतात. लहानपणापासून समोर बसून पाहिलंय ना, पोलादी कांडी कुठं सरकते, कुठल्या तारा छेडायच्या. बाकीचं सगळं गिटारमध्येच आहे."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. मी आंबे हुंगत होतो.

गिटार माझ्याहून वयानं मोठी. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपवर नालाच्या आकाराची दोन लोहचुंबकं कमानीसारखी बसवलेली, आणि तारा त्यांच्या आतून जातात. तारा काढल्याशिवाय पिकअप उघडताच येत नाही. मग मी वडिलांनी शिकवल्याप्रमाणे केलं. आमचे जुने वादक आपल्या तारा कुठल्या सुरांना लावल्यात ते जिवापाड जपायचे. स्टेजवर तारा लावताना पाठ फिरवायचे, आणि जेवायला उठले तर आधी दोन-तीन खुंट्या सैल करून जायचे, न जाणो कोणी कान देईल! म्हणून परक्याची गिटार टेबलावर आली, की तार न छेडता आणि तिकडे न बघता खुंट्या सैल करायच्या, असा आमच्याकडे रिवाज. दुसऱ्याचं पत्र वाचू नये तसंच हे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, शीळ घालत सहाही तारा उतरवल्या. माझ्या सभ्यपणाचं मलाच कौतुक वाटलं.

मल्टिमीटर लावला तर कॉइल ठार मुकी. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं आपलं काम केलं होतं. केसाहून बारीक तांब्याची तार जिथं जाड वायरीला जोडली होती, तिथं हिरवी पडून तुटलेली. त्या वायरीवरचं सुती कापड बोट लावताच भुसा होऊन पडलं. मी श्वास रोखून कॉइलचा एक वेढा उलगडला, टोक खरवडलं, नवी वायर सोल्डर केली, अर्थिंगची जोडणीही नव्यानं केली. मीटरचा काटा हलला तेव्हा मी एकटाच ओरडलो. मग त्याच जुन्या तारा परत ओवून ठेवल्या.

शुक्रवारी नोहेआ आली. मी ॲम्प्लिफायर लावून एक तार छेडली. आवाज स्वच्छ, घरघर नावाला नाही. माझी छाती फुगली.

"कमाल केलीत अंकल! आता डॅडींसारखी लावून द्या."

"काय लावून देऊ?"

"तारा. उतरवण्याआधी सूर लिहून ठेवले असतील ना तुम्ही?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिंक यायला लागते तेवढा वेळ मी खोटं बोलायचा विचार केला, मग खरं सांगून टाकलं.

"ऐकलेसुद्धा नाहीत?"

"ऐकणं बरं दिसलं नसतं."

"अंकल, ते गेले! आता कोणापासून लपवायचं होतं?"

ती स्टुलावर बसली आणि तारांवरून नुसतं बोट फिरवत राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. तिच्या बापाचं जे शेवटचं काही शिल्लक होतं ते मी कॅलेंडर बघत पुसून टाकलं होतं. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

अंकलच्या बँडमधला एक म्हातारा हयात होता, त्याला नोहेआनं फोन लावला. तो म्हणाला, "तुझा बाप आमच्याकडे पाठ करून तारा लावायचा. त्याच्या शर्टावरची फुलं विचार, सगळी सांगतो."

मग आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. तिला हातांच्या हालचाली पाठ, गाण्याची चाल पाठ. कांडी इथं असताना सूर हा यायला हवा, तर तार कुठं असेल? संध्याकाळपर्यंत चार तारा सापडल्या. मधल्या दोन काही हाती येईनात. त्यांच्याविना गाणं ओळखू येत होतं, पण त्यात जीव नव्हता. नोहेआ म्हणाली, "हे शेजाऱ्यानं वाजवल्यासारखं वाटतंय."

शनिवारी सकाळी तिची आई, हालिया आंटी, फुलांच्या माळा करायला चर्चमध्ये जाणार होती. तेवढ्या वेळात आम्ही त्यांच्या अंगणातल्या गाडी लावायच्या छपराखाली गिटार घेऊन बसलो. मी खुंटी पिळतोय, नोहेआ मान हलवतेय. पुन्हा पिळतोय, पुन्हा मान.

"तिसरी चढलीय," स्वयंपाकघराच्या जाळीआडून आवाज आला.

आम्ही दोघं जागच्या जागी गार. आंटी चर्चला गेलीच नव्हती.

"बघताय काय? उतरव ती, क्लॅरेन्स. अजून... अजून... थांब. आता चौथी. ती वर हवी, तिसरीच्या अगदी अंगाला लागून."

मी सहाही तारांवरून अंगठा फिरवला. नोहेआनं तोंडावर हात ठेवला.

"मॉम, तुला कसं माहीत? डॅडी तर कोणालाच..."

"त्यांचं कुठलं? माझ्या आईचं आहे ते. आमच्या घरात साध्या गिटारीच्या तारा ती अशाच लावायची. लग्न झालं तेव्हा मी तुझ्या डॅडींना दिलं. एकच अट घातली, घराबाहेर जाता कामा नये. बिचारा पन्नास वर्षं जगाकडे पाठ करून बसला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला कधी विचारलंस का गं? म्हाताऱ्या बँडवाल्याला फोन केलास, या क्लॅरेन्सला विचारलंस. मी काय, भात शिजवणारी!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! नोहेआ रडत होती की हसत होती ते मला कळेना. आंटी बाहेर आली, तिच्या शेजारी बसली आणि मुलीची बोटं हातात घेऊन एकेका तारेवर ठेवू लागली. मला वाटलं, आता इथं परक्यानं थांबू नये. मी गुपचूप जाऊन माझ्या गाडीत बसलो आणि काचा वर केल्या. भर उन्हात घामानं निथळत होतो, पण दुसऱ्याच्या घरच्या सुरांवर कान ठेवणं बरं दिसलं नसतं.

थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. बाहेर आंटी.

"उकडून मरायचंय का? ये बाहेर, ती वाजवतेय."

"नको आंटी. तुमच्या घरचं आहे ते."

"घरच्या फक्त तारा, बाबा. गाणं ऐकायला कोणाला बंदी नाही."

मी डोळे पुसले आणि गाडीतून उतरलो.